ओव्हन नको, साखर नको: कुत्र्यांसाठी फळांचा घरगुती खाऊ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या घरी दोन कुत्री. बंड्या गावठी, १८ किलोचा, पिल्लू असताना खानापूर रस्त्यावर भिजत बसलेला सापडला. चिमी पॉमेरियन, वजन ५ किलो आणि रुबाब त्याच्या तिप्पट. दुकानातली बिस्किटं चिमीला सोसेनात, म्हणून मी घरी खाऊ करायला लागले. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत दोन-चार घरी दिला, तिथून तो कुणाच्या पाहुण्यांकडून निपाणीला गेला, जांबोटीला गेला, आणि आता फोन येतात. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून ठेवलंय.

ओव्हनशिवाय म्हणजे गॅससुद्धा पेटवायचा नाही का?

पेटवा की. भट्टीत भाजायचं नाही, एवढाच अर्थ. रताळं उकडावं लागतं, शेंगदाणे भाजावे लागतात, चायना ग्रास विरघळवावा लागतो. मात्र कच्चं पीठ फळात कालवून तसंच देऊ नका. कच्च्या गव्हाच्या पिठात जंतू असू शकतात, आणि कच्चा स्टार्च कुत्र्याच्या पोटाला जड जातो. यीस्ट घातलेली कणीक तर कुत्र्यापासून लांबच ठेवा. ती पोटात जाऊन फुगते, शिवाय आंबताना मद्यार्क तयार होतो. पावाचं पीठ भिजवून ओट्यावर ठेवण्याची सवय असेल तर जरा उंच ठेवा.

मग पीठ कुठलं घ्यायचं? सगळीकडे ओट्स सांगतात.

ओट्स चालतात. पण आपल्याकडे त्याहून सोयीची वस्तू आहे, ज्वारीच्या लाह्या. नागपंचमीला घरोघरी आणतो त्याच. लाही फुटलेली असते, म्हणजे आतला स्टार्च आधीच शिजलेला असतो, वेगळं भाजायची गरज नाही. मिक्सरला फिरवा आणि बारीक चाळणीने चाळून घ्या. चाळणीवर न फुटलेले दाणे, म्हणजे गणंग राहतात, ते टाकून द्या. गणंग दाताखाली आला की चिमी लाडू तोंडातून काढून खाली ठेवते आणि माझ्याकडे बघत बसते.

लाह्या विकत घेताना मीठ-हळद लावलेल्या नाहीत ना, ते विचारून घ्या. चुरमुऱ्यांचंही पीठ होतं, पण चुरमुऱ्यात बहुधा मीठ असतं, म्हणून मी ते टाळते. फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ चवीला उत्तम, पण जास्त झालं की कुत्र्याला गॅस होतो आणि मग खोलीत आपल्याला बसवत नाही.

पहिल्यांदाच करणार आहे. चुकणार नाही अशी एक कृती सांगा.

केळ्याचे लाडू करा. सालीवर काळे ठिपके पडलेलं एक केळं घ्या, सोलून साधारण १०० ग्रॅम भरलं पाहिजे. लाह्यांचं पीठ ४० ग्रॅम, म्हणजे सैलसर भरलेली एक वाटी. भाजलेल्या शेंगदाण्याची पेस्ट दोन छोटे चमचे. बास, एवढंच साहित्य.

केळं काट्याने नाही, हातानेच कुस्करा. गुठळ्या बोटांना कळतात, काट्याला कळत नाहीत. त्यात शेंगदाण्याची पेस्ट मिसळा, मग पीठ एकदम न ओतता तीन वेळा घाला. दुसऱ्या वेळी गोळा हाताला चिकटतो आणि आता पाणी घालावं असं वाटतं. घालू नका. झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा. लाही पाणी पिते, गोळा आपोआप घट्ट होतो. दहा मिनिटांनीही चिकटला तरच उरलेलं पीठ घाला. सुपारीएवढे वीस लाडू वळा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

केळं जास्त पिकलेलं असलं की गोळा सैल होतो आणि लाडूऐवजी पेढे होतात. कुत्र्याची काही तक्रार नसते.

एका दिवसात किती द्यायचे?

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम असा की, दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. उरलेले नव्वद टक्के नेहमीच्या जेवणातून.

आमच्या घरचा हिशेब सांगते. नसबंदी झालेल्या, साधारण हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या १८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने ९८० कॅलरी लागतात, म्हणजे बंड्याचा खाऊ ९८ कॅलरींचा. चिमीला सुमारे ३७५ लागतात, तिचा खाऊ ३७ कॅलरींचा. वर सांगितलेल्या लाडवांत केळ्याच्या ९०, पिठाच्या १३५ आणि शेंगदाण्याच्या ६० धरल्या तर एका लाडवात १४ कॅलरी येतात. बंड्याला दिवसाला सहा, चिमीला दोन. संपलं.

आणि हे सहा-दोन कधी, तर दिवसभरात दुसरं काहीच दिलं नसेल तर. सकाळी चहाबरोबर बिस्किटाचा तुकडा, दुपारी आजोबांच्या ताटातली भाकरी, संध्याकाळी मुलाच्या हातातली पोळी, हे सगळं त्याच दहा टक्क्यांत मोजायचं. आमच्याकडे कोण काय देतं ते कळेना, तेव्हा मी सकाळीच दिवसाचे लाडू एका छोट्या डबीत काढून ठेवायला लागले. डबी रिकामी झाली की दुकान बंद. पहिल्या आठवड्यात घरात भांडणं झाली, कुत्र्यांची नाही, माणसांची.

कृतींत ब्लूबेरी, क्रॅनबेरी असतात. त्या नाही मिळाल्या तर?

काही बिघडत नाही. पेरू घ्या.

पेरू ठीक. आपल्या बाजारातली आणखी कुठली फळं चालतात?

द्राक्षं आणि चिंच सोडली तर जवळपास सगळी घरातली फळं चालतात. अडचण बहुधा गरात नसते, बी, बाठा आणि सालीत असते. फळ निवडताना मी आधी त्याचं बी आठवते.

केळं, पिकलेली पपई, कलिंगड, खरबूज, सफरचंद, पेरू ही रोजची. पपईच्या काळ्या बिया आणि साल काढायची, कच्ची चीकवाली पपई नको. कलिंगडाचा तांबडा भाग द्यायचा. साल देऊ नका, पांढरा-हिरवा भाग पचत नाही आणि मोठा तुकडा आतड्यात अडकू शकतो. सफरचंदाच्या बियांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. चुकून एक बी गेली तर घाबरायचं कारण नाही, पण मधला गाभा सरसकट कुत्र्याला टाकायची सवय वाईट.

चिकू गोड म्हणून थोडाच. पण चिकूची बी हातात घेऊन एकदा नीट बघा. काळी, चपटी, गुळगुळीत, आणि एका टोकाला बारीकसा आकडा. तो आकडा घशात रुततो. चिकू सोलून, फोडून, बिया मोजून मगच द्यायचा. सीताफळ मी देतच नाही, त्याच्या बिया विषारी आहेत आणि प्रत्येक गऱ्यातून बी काढत बसायला मला वेळ नाही. जांभूळ आणि बोर यांचं बी काढलं तर हरकत नाही, न काढता मात्र नको.

आंबा? आंब्याचा गर द्या, साल नको, आणि बाठा तर मुळीच नको. आपण बाठा चोखून अंगणात फेकतो, कुत्रा तो उचलतो, चघळतो आणि एखाद्या वेळी अख्खा गिळतो. मे-जूनमध्ये आतड्यात बाठा अडकून ऑपरेशनपर्यंत गेलेली कुत्री जनावरांच्या दवाखान्यात दिसतात. बाठे आमच्याकडे झाकणाच्या बादलीत जातात.

काजूची बोंडं खानापूर-जांबोटीकडे ढिगाने असतात. बोंडाला लागलेली ओली बी कुत्र्याच्या तोंडी पडू देऊ नका, टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. फणसाचा गरा विषारी नाही, पण चिकट आणि जड. मी देत नाही. संत्र्याची एखादी फोड चालते, बहुतेक कुत्री तीही नाकारतात. डाळिंबाने पोट बिघडतं. ॲव्होकॅडो आता शहरात मिळायला लागलाय, तो आपण खावा.

द्राक्षं एखाददुसरं दिलं तर काय होतं? मनुके तर आपण बाळंतिणीलाही देतो.

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आपला भाग द्राक्षांचा आहे. अथणीकडे बागा, पलीकडे तासगाव, विजयपूर. हंगामात द्राक्षांची पेटी आणि वर्षभर बेदाणे घरात असतातच.

द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले तर धोका नाही, याचं माप ठरलेलं नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन बरं राहतं, दुसरं चार-पाचांत आडवं होतं. काळी, हिरवी, बिनबियांची, सगळी सारखीच. मनुका म्हणजे पाणी काढलेलं द्राक्ष, त्यामुळे वजनाला वजन तो जास्त वाईट. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागे असावं असं २०२१ पासून पशुवैद्य मानू लागले आहेत.

आता माझीच चूक सांगते. एका दिवाळीत गोकाकच्या पाहुण्यांनी करदंट, म्हणजे डिंक-गुळाच्या, मनुके घातलेल्या वड्या आणल्या होत्या. डबा मी खालच्या फळीवर ठेवला आणि रांगोळी घालायला गेले. परत आले तर बंड्या डब्यात तोंड घालून. सहा वड्या कमी होत्या. मला हसू आलं. डिंक, खोबरं, गूळ, सगळं पौष्टिकच की, असं म्हणाले. चॉकलेट वाईट हे ठाऊक होतं, मनुक्यांचं ठाऊक नव्हतं. मुलाने फोनवर वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

रात्रीचे दहा वाजले होते. एका डॉक्टरांनी फोन उचलला आणि म्हणाले, खाऊन दोन तास व्हायच्या आत घेऊन या. त्यांनी औषध देऊन ओकारी काढली. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं आणि आम्ही दोघं त्यावर वाकून मनुके मोजत होतो. अकरा निघाले. पोटात भिजून पुन्हा द्राक्षासारखे टम्म फुगलेले. आणखी किती आत राहिले असतील ते सांगता येत नव्हतं, म्हणून दोन दिवस सलाईन आणि तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का त्याची, तपासणी. आकडा नॉर्मल आला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

म्हणून सांगते. कुत्र्याने द्राक्षं किंवा मनुके खाल्ले हे कळलं की लक्षणांची वाट बघू नका. उलट्या काही तासांत सुरू होतात, पण लघवी कमी होणं, मरगळ हे एक ते तीन दिवसांनी दिसतं आणि तोवर उशीर झालेला असतो. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका, मिठाचीच विषबाधा होते. साधारण किती खाल्ले आणि किती वाजता, एवढं लक्षात ठेवून निघा.

आणि चिंच?

तीही नको. चिंचेतही टार्टारिक आम्ल भरपूर असतं. चिंच-गुळाच्या आमटीचा भात कालवून कुत्र्याला घालणारी घरं मी पाहिली आहेत. आमटी घालण्याआधीचा भात बाजूला काढायला काय लागतं?

पीनट बटर कुठलं आणावं?

आणूच नका, करा. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं पाखडून काढा आणि मिक्सरला फिरवत राहा. आधी कूट होतो, मग त्याचा लगदा होतो, मग तेल सुटून चकचकीत पेस्ट होते. मध्ये मिक्सर तापला तर थांबा. मीठ, गूळ, तेल काही घालायचं नाही. लसूण घातलेली शेंगांची चटणी हा त्याला पर्याय नाही. हसू नका, एकीने विचारलं होतं. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

भाजण्याआधी दाणे निवडा. काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे काढून टाका. ओल लागलेल्या शेंगांवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार हळवं असतं. आपल्या पावसात पोत्यातल्या शेंगांना ओल लागायला वेळ लागत नाही.

विकतचं आणायचंच असेल तर 'शुगर फ्री' लिहिलेली बरणी घेताना मागचा बारीक मजकूर वाचा. झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ९६७ हा क्रमांक दिसला तर बरणी परत ठेवा. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते. कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, आकडी येते, पुढे यकृतावर जातं. शुगर फ्री च्युइंग गममध्येही ते असतं.

पेस्ट चमच्याने मोजा. मोठ्या एका चमच्यात ९५ कॅलरी, म्हणजे चिमीचा अडीच दिवसांचा खाऊ.

पपईची जेली केली, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, तरी सेट झाली नाही. काय चुकलं?

तुमचं नाही, पपईचं. जिलेटिन वापरलं असणार. जिलेटिन हे प्रथिन आणि पपईतला पपेन प्रथिनं तोडतो. मटण मऊ व्हायला कच्ची पपई लावतो ना, तेच काम इथे चालतं. अननसाचंही तसंच. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सकाळी ताटलीत केशरी पाणी होतं, म्हटलं फ्रीज बिघडला.

चायना ग्रास वापरा. तो समुद्री शेवाळापासून होतो, त्यात प्रथिन नाही, त्यामुळे पपेनला तोडायला काही सापडत नाही. शाकाहारी घरांचाही प्रश्न मिटतो. एक कप पाण्यात दोन छोटे चमचे चायना ग्रासची पावडर घाला आणि ढवळत दोन मिनिटं उकळा, पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. एक कप पपईचा गर मिक्सरमधून काढलेला तयार ठेवा. गर फ्रीजमधला थंड नको, नाहीतर ओतताक्षणी गुठळ्या होतात. दोन्ही एकत्र करून ताटलीत ओता.

याची गंमत अशी की, हे फ्रीजबाहेरही गोठतं. चाळीस अंशांच्या खाली उतरलं की घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. एप्रिलच्या उन्हातही वडी मोडत नाही. शंकरपाळ्यासारखे चाळीस तुकडे पाडले तर एकेकात अडीच-तीन कॅलरी येतात. लठ्ठ कुत्र्यासाठी याहून बरा खाऊ मला माहीत नाही. मात्र चायना ग्रास म्हणजे निव्वळ तंतू, एकदम दहा-बारा तुकडे दिले तर शौचाला पातळ होतं.

उन्हाळ्यात गोठवलेलं काय देता येईल?

कलिंगड. बिया काढून गर मिक्सरला फिरवा, दोन चमचे चक्का घाला, बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. गूळ नाही, मीठ नाही.

फ्रीजरमधून काढून लगेच तोंडात देऊ नका. दगडासारखा गोळा कडाकडा फोडायला गेलं की दाढेचा तुकडा उडतो. पाच मिनिटं वाटीत ठेवा. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खूण उठली की द्या. गिळकुट्या कुत्र्याला गोळा कुस्करून द्यायचा.

आणि हा गोळा म्हणजे उष्माघातावरचा उपाय नव्हे. कुत्रं जोरजोरात धापा टाकतंय, लाळ गळतेय, लडखडतंय, तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि दवाखाना गाठा. त्या वेळी तोंडात काही कोंबू नका.

दही चालतं का?

बहुतेकांना चालतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. दह्यात ती थोडी कमी असते आणि फडक्यात बांधून पाणी गाळलेल्या चक्क्यात आणखी कमी. पहिल्या दिवशी एक चमचा द्या, दुसऱ्या दिवशी शौच बघा. फळांच्या बाबतीतही हाच नियम. एका वेळी एकच नवीन फळ, मध्ये दोन दिवस सोडून दुसरं. तीन फळं एकदम दिली आणि पोट बिघडलं तर दोष कुणाला देणार?

चवीला थोडा गूळ घातला तर? आमचा घरचा, केमिकल नसलेला.

चिकोडी, रायबागकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि ज्याच्या घरी गुऱ्हाळ त्याला वाईटही वाटतं. गूळ विष नाही. पण पिकलेल्या केळ्यात जी गोडी आहे ती कुत्र्याला पुरून उरते. गुळाने फक्त कॅलरी वाढतात आणि दात किडतात. तुमचा गूळ मला पाठवा.

नैवेद्याचा मोदक, सणाचा कुंदा कणभर द्यावा की नाही?

मोदकाच्या सारणात जायफळ असतं, काहीजण मनुके घालतात. जायफळ कुत्र्याला सोसत नाही. कणभराने काही होणार नाही, पण कणभर देऊन कुणी थांबत नाही. कुंद्यात खवा आणि साखर, चरबीने स्वादुपिंडाला सूज आलेलं कुत्रं दोन-तीन दिवस पोट धरून पडतं. देवाचं म्हणून द्यायचंच असेल तर मी नैवेद्याच्या पानावर शेजारी केळ्याची एक फोड ठेवते. ती दोघांत वाटली जाते.

रताळं हे फळ नाही ना?

कंद आहे. पण बेळगावात राहून रताळं वगळायचं म्हणजे कमालच. पावसाळा सरला की इथली रताळी पोत्यांनी बाजारात येतात आणि ट्रक भरून पार उत्तरेकडे जातात.

सालीसकट उकडा, गार झाल्यावर सोला. किसलेलं सफरचंद पिळून त्यात मिसळा, लिंबाएवढे गोळे वळून लाह्यांच्या पिठात घोळवा. पिळायचं विसरलात तर गोळे बसतात. कच्चं रताळं देऊ नका, पचत नाही. शिवरात्रीच्या उपासाला तुपात परतलेल्या आणि साखर घातलेल्या फोडी आपल्या.

पिल्लू, म्हातारं कुत्रं, साखरेचा आजार असलेलं कुत्रं यांना?

दोन-अडीच महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको, त्याचं पोट आधी जेवणाला रुळू दे. म्हाताऱ्याचे दात गेले असतील तर पपईच्या वड्या किंवा कुस्करलेलं रताळं. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा स्वादुपिंडाची सूज होऊन गेली असेल तर माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. काकडीचे काप हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी खाऊ, पण तोही विचारूनच.

आमचं कारवान आहे, फासळ्या दिसतात. त्याला जास्त लाडू दिले तर भरेल का?

त्याला भरवू नका. कारवान, म्हणजेच मुधोळचं कुत्रं, पळण्यासाठी घडलेलं आहे. छाती खोल, पोट आत ओढलेलं, शेवटच्या दोन-तीन फासळ्यांची पुसट रेघ दिसणं ही त्याची ठेवण. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंडही आहे. ते चित्र बघा, कुठे चरबी दिसते का. पाठीचा कणा आणि माकडहाड टोचायला लागलं तर जंत आणि जेवण तपासून घ्या. लाडवांनी ते काम होत नाही.

भाकरी-दुधाऐवजी हाच खाऊ दिला तर?

नको. भाकरी-दूध हेही पुरेसं जेवण नाही, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल. फळांच्या लाडवांत प्रथिनं नावालाच असतात.

किती दिवस टिकतो?

लाडू आणि वड्या फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस. लाडू फ्रीजरमध्ये घट्ट डब्यात दोन महिने. वड्या फ्रीजरमध्ये टाकू नका, वितळल्यावर पाणी सोडतात आणि स्पंजासारख्या होतात. पावसाळ्यात करंट गेला आणि फ्रीजरमधलं सगळं मऊ झालं तर ते पुन्हा गोठवू नका. आंबूस वास आला की टाकून द्या. कुत्रं काहीही खातं हे खरं, पण पोट त्याचंही बिघडतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना देता येईल?

देता येईल, हातातून नको. कागदावर ठेवून बाजूला व्हा, कागद परत उचला. खरं तर उन्हाळ्यात त्यांना लाडवापेक्षा दारातली पाण्याची कुंडी जास्त हवी असते.

माणसांनी खाल्ला तर चालतो का?

चालतो की. निपाणीचे आमचे भाऊजी आले होते. मी चहा गाळत होते, ते फ्रीज उघडून बघत होते. केळ्याचे तीन लाडू चहाबरोबर संपवले आणि म्हणाले, वहिनी, लाडू मऊ झालेत पण साखर विसरलात. मुलगा हसून हसून लोळायला लागला. बंड्या मात्र त्यांच्या पुढ्यात बसून प्रत्येक घास मोजत होता.

एवढं करून कुत्र्याने तोंडच लावलं नाही तर?

नाराज होऊ नका. लाडू तळहातावर दोन मिनिटं धरा. फ्रीजमधल्या थंड वस्तूला वास नसतो आणि कुत्रं आधी नाकाने जेवतं. तरीही नको म्हणालं तर वरून शेंगदाण्याची पेस्ट नखाएवढी लावा. चिमी पेरूचा लाडू आजही घेत नाही. केळ्याचा घेते, रताळ्याचा घेते, पेरूचा हुंगते आणि नेऊन बंड्याच्या वाटीजवळ ठेवते. मी आधी याला माया समजत होते. आता पेरूचे लाडू करतच नाही.